मध्यमगती गोलंदाजाच्या हातात एसजी टेस्ट

तीन-चार दिवसांच्या सामन्यांसाठी लाल चेंडू कुठला घ्यायचा, हा प्रश्न क्लबात दर मोसमाला निघतो. संघात ताशी 120 ते 130 किलोमीटरने टाकणारे दोन-तीन जण असतील, तर आमचं उत्तर पक्कं आहे : एसजी टेस्ट. तेही चकाकीसाठी नाही, शिवणीसाठी.

मेरठच्या या चेंडूच्या शिवणीच्या सहाही ओळी हाताने घातलेल्या असतात. ऑस्ट्रेलियाच्या कुकाबुरा चेंडूमध्ये मधल्या दोनच ओळी हाताच्या, बाकीच्या मशीनच्या. म्हणून कुकाबुराची शिवण लवकर बसते. एसजीचा दोरा जाड आणि टाके जवळजवळ. नवा चेंडू अंगठ्याखाली फिरवला की कंगोरा चक्क बोचतो. पन्नास षटकांनंतर दोऱ्याला लव सुटलेली असते, पण उंचवटा बोटाला लागतोच. ज्याच्याकडे वेग नाही, त्याचं सगळं भांडवल त्या उंचवट्यात आहे. रणजी करंडकात याच चेंडूवर कर्नाटकच्या मध्यमगती विनयकुमारने 442 बळी घेतले. 2017-18 च्या उपांत्य सामन्यात विदर्भाच्या रजनीश गुरबानीने कर्नाटकचे 68 धावांत 7 गडी बाद केले आणि विदर्भ 5 धावांनी जिंकला. पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याची हॅटट्रिक झाली, तिघेही त्रिफळाचीत. सरळ शिवण आणि यष्टींवरचा मारा काय करतो, ते त्यात दिसतं.

इंग्लंडच्या ड्यूक्स चेंडूसारखा हा चेंडू तासन् तास हवेत वळेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. आपल्या कोरड्या मैदानांवर दहा-बारा षटकांत लकाकी उतरते. इथेच बरेच मध्यमगती गोलंदाज फसतात. स्विंग मिळेल म्हणून पुढे पुढे टाकत राहतात आणि कव्हरमधून चौकार खातात. सुरुवातीची तीन-चार षटकं पुढे टाकून बघा. वळत नसेल तर टप्पा लगेच यष्टींपासून सहा-सात मीटरवर आणा. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन्ही कडांना, अंगठा बरोबर खाली शिवणीवर, चेंडू आणि तळव्यात थोडी फट, मनगट चेंडूच्या मागे. अंगठा बाजूला सरकला की शिवण हवेत डगमगते आणि चेंडू शिवणीऐवजी चामड्यावर पडतो. मग या चेंडूचा काहीच उपयोग नाही.

खरी कमाई विसाव्या ते पन्नासाव्या षटकात. फलंदाज क्रीझबाहेर उभा राहून टप्प्यावरच शिवणीचा काटा काढायला बघतो. त्यावर उपाय एकच : यष्टिरक्षकाला स्टंपजवळ आणा. फलंदाज मागे सरकतो आणि शिवणीला वळायला जागा मिळते. जोडीला शॉर्ट मिडविकेटला क्षेत्ररक्षक ठेवा. या काळात बोटं किंचित फाकवून मुद्दाम शिवण हलती ठेवायचाही फायदा होतो. चेंडू कुठे जाणार हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, पण उंच शिवणीमुळे तो कुठेतरी जातो. कटरलाही, म्हणजे बोटं चेंडूवरून बाजूला ओढून टाकलेल्या चेंडूलाही, बोटांना छान पकड मिळते.

चकाकी टिकवायची तर पहिल्या चेंडूपासून एकच बाजू घासा, तीही घामानेच, लाळेला नियमात बंदी आहे. खडबडीत बाजूला घामाचा हात लागू देऊ नका. पहिल्या वीस षटकांत टप्पा पाडून थ्रो करू नका, दोन्ही बाजू सारख्याच खरवडल्या जातात. गवत ओलं असेल तर प्रत्येक चेंडूनंतर टॉवेल लावा. चामडं पाणी प्यायलं की चेंडू जड आणि मऊ होतो.

दोष मोठा आहे तो एकसारखेपणाचा. 2018 मध्ये विराट कोहलीने पाच षटकांतच चेंडू खरवडला जातो म्हणून उघड नाराजी सांगितली होती. 2021 च्या चेन्नई कसोटीनंतर अश्विनने शिवण उसवल्याबद्दल आश्चर्य व्यक्त केलं. कसोटीत ही गत, तर क्लबच्या पेटीत काय निघेल याचा भरवसा धरू नका. एकाच पेटीतला एक चेंडू साठ षटकं कडक राहतो, दुसरा तिसाव्यालाच मऊ पडतो. म्हणून घेताना प्रत्येक चेंडू काट्यावर ठेवा : 156 ते 163 ग्रॅम. घेर 22.4 ते 22.9 सेंटिमीटर. टेबलावर गरगर फिरवून पाहा, डुलला तर परत करा. शिवण सगळीकडे सारखी उंच आहे का ते नखाने नाही, बोटाच्या पेराने तपासा. चामड्याच्या दोन तुकड्यांच्या सांध्यावर बोट अडकलं तर तो चेंडू नेटसाठी बाजूला काढा.

नेटमध्ये नुसते नवे चेंडू देऊ नका. सामन्यातले तीस-चाळीस षटकं जुने चेंडू तारीख टाकून जपून ठेवा आणि मध्यमगतीवाल्यांना निम्मा सराव त्यांच्यावरच करू द्या. पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवू नका, चामड्याला बुरशी धरते.