नेथरिलचा बॉक्स सेट: काही महिने टेबलावर खेळवल्यानंतर

आमचा ग्रुप डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकून आपापलं पात्र रंगवायचा खेळ. त्यात बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम संपवून आलेली मंडळी जास्त. 'कार्ससचा मुकुट' सगळ्यांना ठाऊक, पण हा कार्सस नक्की कोण, त्याने असं काय केलं, हे विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बघतो. गेम २०२३ चा आहे. कार्ससची कुळकथा त्याच्या कितीतरी आधी छापून आली आहे. टीएसआर कंपनीने १९९६ मध्ये 'नेथरिल: एम्पायर ऑफ मॅजिक' हा बॉक्स सेट (या खेळासाठीच्या पुस्तकांचा संच) काढला होता; नेथरिल म्हणजे या खेळाच्या जगातलं जादूगारांचं प्राचीन साम्राज्य. त्याची पीडीएफ आणि जोडीला २००५ चं 'लॉस्ट एम्पायर्स ऑफ फेरून' घेऊन मी गेले काही महिने कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, चालवते आहे. ही दोन्ही नुसती वाचायला घेतली असती तर माझं मत वेगळं झालं असतं. प्राचीन इतिहास वाचायला भव्यच वाटतो. तो खेळताना उपयोगी पडतो का, हे फासे पडायला लागल्यावर कळतं.

नवख्यांसाठी थोडक्यात: फरगॉटन रेल्म्स हे जग एड ग्रीनवुड या कॅनेडियन माणसाने लहानपणीच रचायला घेतलं आणि १९८७ मध्ये ते डन्जन्स अँड ड्रॅगन्ससाठी बाजारात आलं. त्यातला फेरून हा मुख्य खंड. कालगणना 'डीआर'मध्ये (डेल रेकनिंग, या जगाचा सन). नेहमीची साहसं डीआर १३५० च्या पुढची, आणि नेथरिल त्याच्याही हजारो वर्षं मागे, म्हणजे सगळे आकडे उणे.

उणे ३८५९ मध्ये अरुंद समुद्राकाठची सात कोळीवाड्यांएवढी गावं एकत्र आली, ही साम्राज्याची सुरुवात. मला हे फार आवडतं. कुठला दैवी राजा नाही, भविष्यवाणी नाही, मासेमारी करणारी गावं आहेत. पुढे उणे ३५३३ मध्ये त्यांना एल्फांच्या (माणसांहून जुनी, दीर्घायुषी जमात) जुन्या अवशेषांत नेथर स्क्रोल्स, म्हणजे जादूचं ज्ञान लिहिलेल्या गुंडाळ्या, सापडल्या आणि तिथून यांची जादू सुसाट सुटली. म्हणजे फेरूनवरच्या माणसांच्या सगळ्यात गर्विष्ठ साम्राज्याचं मूळ भांडवल उसनं होतं. आमच्यातल्या एल्फ पात्राने हा मुद्दा शेवटपर्यंत सोडला नाही.

आता खरी गंमत. आयोलम नावाच्या महाजादूगाराने 'मिथालार' बनवला. डोंगराचा माथा आडवा कापायचा, उचलायचा, उलटा करायचा आणि सपाट झालेल्या बाजूवर शहर वसवायचं. ते हवेत तरंगतं, आणि आतला मिथालार सगळ्या शहराला जादू पुरवतो. त्याच्या जोरावर चालणाऱ्या वस्तू बनवायला कारागिराला स्वतःची शक्ती खर्चावी लागत नाही, म्हणून त्या ढिगाने बनतात. अट एकच: मिथालारपासून एक मैलाच्या आत असाल तरच त्या चालतात.

या एका मैलावर माझं अर्धं कॅम्पेन उभं राहिलं. पुस्तकात तो साधा नियम आहे, टेबलावर मात्र त्यातून सगळं समाजशास्त्र बाहेर पडतं. वरचा उमराव खाली जमिनीवर उतरला की त्याची अंगठी, काठी, उडतं आसन सगळं थंड. मग तो खाली उतरेलच कशाला? खालचा शेतकरी धान्य वर पाठवतो, आणि वरून जे येतं ते त्याच्या अंगणात चालत नाही. आमच्यातला एक जण तरंगत्या शहरातला सरदारपुत्र खेळतो. पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये तो गुर्मीत होता. नंतर दर लढाईआधी त्याचा ठरलेला प्रश्न, "मॅडम, आपण मैलाच्या आत आहोत ना?" डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, याहून चांगलं हत्यार मिळणार नाही. कुठलाही राक्षस न आणता पात्राला असहाय करता येतं, आणि तेही त्याच्याच पूर्वजांच्या करणीने.

फेरिमची बाजूही अशीच कसदार आहे. हे जमिनीखाली राहणारे, शंकूच्या आकाराचे, नांगीवाले प्राणी. वरच्या लोकांच्या बेसुमार जादूचा त्यांना त्रास होत होता, म्हणून त्यांनी जमिनीतला जीव शोषणारे मंत्र सुरू केले. साल उणे ४६१. हळूहळू सुपीक प्रदेशाचं वाळवंट झालं. नकाशावरचं अॅनोरॉक ते हेच. माझ्या खेळाडूंनी फेरिमशी बोलणी करायचं ठरवलं तेव्हा मी मनातून खूश झाले, कारण पुस्तक त्यांना निव्वळ खलनायक म्हणून रंगवतं, पण दिलेल्या कारणांवरूनच दुसरी बाजू उभी राहते.

आणि कार्सस, नेथरिलचा महाजादूगार. साल उणे ३३९. फेरिमशी चाललेली झुंज संपवायला देवाचीच शक्ती घ्यावी म्हणून त्याने बाराव्या लेव्हलचा मंत्र रचला आणि निवडलं कुणाला, तर मिस्ट्रिलला, खुद्द जादूच्या देवीला. तिचं काम विणीचा, म्हणजे साऱ्या जादूच्या जाळ्याचा, तोल क्षणोक्षणी सांभाळणं. ते याला पेलेना. सगळं फाटायच्या आत तिने स्वतःचा बळी देऊन त्याचा दुवा तोडला. तेवढ्या वेळात जादू बंद पडली आणि शहरं कोसळली. नवी देवी आली ती मोठ्या मंत्रांवर बंदी घालूनच. कार्सस स्वतः शिळा होऊन पडला. आजच्या आवृत्तीत नवव्या लेव्हलच्या वर मंत्र का नाहीत, याचं कथेतलं उत्तर हे असं नियमांना चिकटलेलं आहे. मला वाटतं, या जगाच्या इतिहासातलं हे सगळ्यात हुशार काम.

तक्रारी आता. बॉक्स सेट दुसऱ्या आवृत्तीचा आहे. त्यातला 'आर्कानिस्ट', म्हणजे नेथरिलचा जादूगार, वेगळ्या हिशोबाने मंत्र टाकतो, तो पाचव्या आवृत्तीत आणायचा म्हणजे डोक्याला ताप. मी तो सोडून दिला, साधा विझार्ड घेतला आणि नवव्या लेव्हलच्या वरचे मंत्र फक्त गोष्टीत ठेवले. काही बिघडलं नाही. नेथरिलची स्वतःची वर्षं वेगळी मोजतात, त्यामुळे कार्ससचं पतन तिथे ३५२० आणि इकडे उणे ३३९; वहीच्या पहिल्या पानावर उणे ३८५९ लिहून ठेवा, बेरीज तिथूनच करायची. सामान्य माणसांबद्दल पानं कमीच. महाजादूगारांचे हेवेदावे भरभरून, आणि तरंगत्या शहरात पाणी कोण भरतं, मेल्यावर कुठे पुरतात, याची उत्तरं माझी मीच रचली.

दुसरं पुस्तक, 'लॉस्ट एम्पायर्स', घेतलं ते तुलनेसाठी, आणि तिथे एक दुखणं उघडं पडतं. इमास्कार घ्या: दारं उघडून दुसऱ्या जगातून लोक गुलाम म्हणून आणले, त्यांच्या देवांचा रस्ता बंद केला, आणि देव वळसा घालून आलेच. साम्राज्य उणे २४८८ मध्ये संपलं. नारफेल आणि रॉमाथार एकमेकांना मारून संपले. एल्फांची मुकुटयुद्धं तर हजारो वर्षं. तिसऱ्या साम्राज्यापर्यंत माझे खेळाडू शेवट आधीच सांगायला लागले: "माजले असतील, बुडाले असतील." चूक नव्हती त्यांची. अपवाद म्हणून झामडाथ वाचा. ते मनःशक्तीवर चालणारं, बारा शहरांचं राज्य. जहाजांसाठी त्यांनी जंगल तोडत नेलं आणि एल्फांनी उणे २५५ मध्ये समुद्राची लाट सोडून ते बुडवलं. लाकूडतोड हे कारण ऐकून टेबलावर जी शांतता पसरली, ती कार्ससने कधी मिळवली नाही.

मला एकच घ्यायला सांगितलं तर? वाचायचं असेल तर 'लॉस्ट एम्पायर्स', कारण सगळी साम्राज्यं एका जागी मिळतात. खेळवायचं असेल तर नेथरिलचा सेट, आणि त्यातही मिथालारचा भाग आधी. एका बैठकीत सगळा इतिहास खेळाडूंना ऐकवू नका, कुणी ऐकत नाही. आमची पुढची मोहीम कार्ससच्या लाल शिळेकडे, हाय फॉरेस्टमध्ये जाणार आहे. सरदारपुत्राने आत्ताच विचारून ठेवलंय की तिथून जवळचा मिथालार किती लांब आहे.