मडगावचे दुकान आणि माझा फ्लेम एंजल

खाऱ्या पाण्यातील शोभेचे मासे विकणाऱ्या मडगावच्या ज्या दुकानातून मी गेल्या वर्षी फ्लेम एंजल घेतला, त्याविषयी लिहायचे तर सुरुवात त्यांनी मला दिलेल्या नकारापासूनच करावी लागेल. माझी २८० लिटरची टाकी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याने मी निश्चिंत होतो; पण दुकानदारांनी खडकांवर शेवाळ धरले आहे का, असे विचारले आणि ‘नाही’ म्हणताच मासा द्यायचे नाकारले. हा मासा दिवसभर खडकांवरचे शेवाळ टिपत फिरतो, त्यामुळे कोऱ्या टाकीत त्याचे हाल होतात, हे त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते.

चार महिन्यांनी पुन्हा गेलो, तेव्हा तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवलेला मासा त्यांनी दाखवला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) खाल्ल्यावरच पैसे घेतले. प्रशांत महासागरातील बेटांभोवतीच्या प्रवाळांत राहणारा हा मासा पूर्ण वाढला तरी साधारण १० सेंटिमीटरचाच असतो. पण शेंदरी अंगावरचे काळे उभे पट्टे आणि परांच्या टोकांची निळाई पाहिली की नजर हटत नाही. स्वभाव मात्र हद्द राखणारा आहे. म्हणूनच तो सर्वांत शेवटी सोडावा आणि त्याआधी खडकांची मांडणी बदलावी, हा त्यांचा सल्ला मोलाचा ठरला. माझ्या क्लाउनफिशच्या जोडीला त्याने दोन दिवस पिटाळले, मग सोडून दिले. त्याच दुकानातील मदतनिसाने सोबत कोरल ब्युटी हा दुसरा बुटका एंजलही नेण्यास सुचवले होते, ते मात्र चुकीचे होते. एवढ्या टाकीत दोन बुटके एंजल एकमेकांना सुखाने जगू देत नाहीत.

समुद्र दाराशी असताना टाकीसाठी समुद्री मीठ विकत का घ्यायचे, असे गोव्यात प्रत्येक पाहुणा विचारतो. पावसाळ्यात मांडवी आणि झुआरीचे गोडे, गढूळ पाणी किनाऱ्याला येऊन मिळते आणि खारेपणा घसरतो. टाकीला तर बाराही महिने १.०२५ च्या आसपासची विशिष्ट घनता (खारेपणाचे माप) लागते. म्हणून दुकानदार आरओच्या पाण्यात मीठ कालवायला सांगतात. भारतात प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण असल्याने समुद्रातून काढलेला प्रवाळ ते दुकानात ठेवतच नाहीत, याचेही मला फार समाधान वाटले.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. त्यांनी दिलेला चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र, माझ्या टाकीला अपुरा पडला आणि मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेले. मासा धापा टाकू लागला, तेव्हा बर्फाच्या बाटल्या तरंगवून मी रात्री काढल्या. चिलर बदलून मिळाला, परंतु आठ दिवसांनी आणि फरकाची रक्कम भरून. चिलर घ्यायला जाताना टाकीचे लिटर आणि खोलीचे भर दुपारचे तापमान लिहून न्यावे.