लव्हबर्ड, बजी की कॉकटील? आणि लव्हबर्डच ठरला, तर एक की जोडी?

लहानसा पक्षी पाळायचा विचार सुरू झाला की बहुतेकांची यादी या तीन नावांवर येऊन थांबते. तिघेही पोपटांच्या गोतावळ्यातले, तिघेही पिढ्यानपिढ्या माणसांच्या घरात वाढलेले आणि तिघांबद्दलही ‘पहिल्यांदा पाळणाऱ्यासाठी उत्तम’ असं बिनदिक्कत सांगितलं जातं. बजी आणि कॉकटीलच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. लव्हबर्डच्या बाबतीत मात्र मी थोडं थांबायला सांगेन. तो वाईट पक्षी आहे म्हणून नव्हे. मुठीत मावणारा हा जीव स्वभावानं मोठ्या पोपटांच्या पंक्तीत बसतो आणि आकारावरून हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

लव्हबर्ड मूळचा आफ्रिकेतला. त्याच्या नऊ जाती आहेत, त्यांतल्या आठ आफ्रिका खंडात आणि एक मादागास्करमध्ये. घरोघरी दिसतात त्या मुख्यतः तीन: गुलाबी चेहऱ्याचा रोझी-फेस्ड, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला फिशर, आणि काळ्या डोक्याचा मास्क्ड. लांबी १३ ते १७ सेंटिमीटर, वजन साधारण ५० ग्रॅम. बजी आणि कॉकटील दोघंही ऑस्ट्रेलियातले. बजी लांबीला १८ सेंटिमीटरच्या आसपास असला तरी त्यात शेपटीचा वाटा मोठा. वजनानं तो लव्हबर्डपेक्षा हलका, ३०-४० ग्रॅमचा. कॉकटील ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि डोक्यावर तुरा मिरवतो. तो खरं तर काकाकुव्याच्या घराण्यातला.

आयुष्याचा हिशेब आधीच करून ठेवावा. चांगली निगा असेल तर बजी ५ ते १० वर्षं, लव्हबर्ड १० ते १५ आणि कॉकटील १५ ते २० वर्षं जगतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टाखातर कॉकटील आणला, तर मूल शिकायला बाहेर पडेल तेव्हाही पक्षी घरातच असेल. तेव्हा त्याचं कोण करणार, हे आताच ठरलेलं बरं.

चावणं, माया आणि मालकी हक्क

लव्हबर्ड चावतो. अपवाद असतात, पण हे गृहीत धरूनच पुढे जावं. त्याची चोच आकाराच्या मानानं दणकट असते, कडक बी फोडायला आणि लाकूड कुरतडायला बनलेली. बजीच्या चाव्यानं चिमटा बसतो. लव्हबर्डच्या चाव्यानं रक्त येऊ शकतं. त्यात पिंजरा ही त्याची स्वतःची हद्द. बाहेर खांद्यावर बसून केसांत डोकं खुपसणारा पक्षी, वाटी बदलायला पिंजऱ्यात हात घातला की तोच हात फोडून काढतो. माद्या याबाबतीत नरांपेक्षा तिखट, आणि विणीचे वेध लागले की आणखीच.

कॉकटील चावण्याआधी भरपूर इशारे देतो. तुरा डोक्याला चिकटवतो, फुत्कारतो, मागे सरकतो. नवख्या माणसालाही चार दिवसांत त्याचा मूड वाचता येतो. लव्हबर्ड हे सगळं फार झटपट उरकतो: अंग आवळलं, मान पुढे आली, चोच उघडली आणि काम झालंसुद्धा. म्हणून घरात लहान मुलं असतील तर मी कॉकटीलकडे किंवा बजीकडेच बोट दाखवेन.

मग लव्हबर्ड का घ्यावा? कारण जडला तर तो जीव लावतो आणि ते लपवत नाही. शर्टाच्या खिशात, कॉलरखाली, ओंजळीत घुसून बसणं हा त्याचा छंद. बजी आसपास असतो, कॉकटील शेजारी असतो, लव्हबर्ड अंगावर असतो. मात्र ही माया रोजच्या संगतीवर टिकते. हातावर वाढवलेला लव्हबर्डही काही आठवडे कुणी हात लावला नाही तर पुन्हा बुजतो, चावरा होतो. कॉकटीलचं माणसाळलेपण त्या मानानं चिवट असतं.

आणि त्याचा उद्योग! कीबोर्डची बटणं, पुस्तकांच्या कडा, पडद्याची दोरी, कपड्यांची बटणं. कुरतडता येईल ते सगळं त्याचंच. रोझी-फेस्ड मादी कागदाच्या सरळ, एकसारख्या पट्ट्या कापते आणि त्या कमरेवरच्या पिसांत खोचून घरट्याकडे नेते. फिशर हेच साहित्य चोचीत धरून नेतो. विल्यम डिल्गर या अभ्यासकानं या दोन जातींचा संकर करून पाहिला, तेव्हा पिलांची मोठी पंचाईत झाली: पट्टी पिसांत खोचायला जायचं, ती धड बसायची नाही, आणि शेवटी चोचीनंच न्यावी लागायची. घरात रद्दी आणि गंमत बघायची हौस असेल तर या एका गोष्टीसाठी मी तिघांत लव्हबर्डला पहिला नंबर देईन. जपून ठेवायची कागदपत्रं उघड्यावर असतील तर शेवटचा.

आवाज, बोलणं, धूळ

बजी दिवसभर बारीक किलबिल करत राहतो. ती हळूहळू घराच्या आवाजात मिसळून जाते. कॉकटील शीळ घालतो, सूर उचलतो, पण माणूस नजरेआड झालं की मोठ्यानं हाका मारत सुटतो. लव्हबर्डचा आवाज मोठ्या पोपटाइतका जोरकस नसतो, पण टोकदार असतो. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी तो हमखास चढतो, आणि जोडी असेल तर जुगलबंदी. पातळ भिंतींच्या घरात, किंवा घरूनच फोनवर काम चालत असेल तर हा मुद्दा रंगरूपापेक्षा मोठा धरावा.

बोलणारा पक्षी हवा असेल तर लव्हबर्डचा नाद सोडा. क्वचित एखादा दोन-चार शब्द उचलतो, त्यावर भिस्त ठेवता येत नाही. बजी, विशेषतः नर, खरा बोलका. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा गिनीज विक्रम आहे. आवाज मात्र इतका बारीक आणि भरभर की कान देऊन ऐकावं लागतं. कॉकटील नर शब्दांपेक्षा शीळ चांगली शिकतो.

धुळीच्या बाबतीत लव्हबर्ड बाजी मारतो. कॉकटीलच्या अंगावर भुकटी सोडणारी खास पिसं असतात. ती पांढरी पूड पिंजऱ्याभोवतीच्या सगळ्या सामानावर बसते. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर कॉकटील नकोच. बजी आणि लव्हबर्डची धूळ त्यापेक्षा खूप कमी. सांडलेली टरफलं, पिसं आणि शीट मात्र तिघांच्याही नशिबी. रोजची झाडलोट कुणालाच चुकत नाही.

एक की जोडी?

लव्हबर्डच्या बाबतीत सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. ‘एकटा लव्हबर्ड झुरून मरतो’ हे खरं नाही. कळपात राहणारा पक्षी असल्यानं त्याला सोबत लागते हे खरं, पण ती सोबत माणूसही देऊ शकतो. अट एकच, माणसानं ती खरोखर द्यावी: रोज दोन-तीन तास पिंजऱ्याबाहेर, आणि बाकीचा बराच वेळ घरात कुणाचा तरी वावर. हे जमत असेल तर एकटा लव्हबर्ड मजेत जगतो आणि माणसाशी घट्ट जोडला जातो. सकाळी आठला सगळे बाहेर आणि रात्री आठला परत, असा दिनक्रम असेल तर एकटा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कंटाळलेला लव्हबर्ड ओरडतो, आणि पुढे स्वतःचीच पिसं उपटायला लागतो. ही सवय एकदा लागली की मोडणं फार अवघड.

जोडी ठेवली की प्रश्न सुटतो, पण नातंही बदलतं. दोघं एकमेकांत रमतात, एकमेकांची पिसं विंचरतात, एकमेकांना भरवतात, आणि माणूस त्यांच्या लेखी खाणं आणणारा होतो. बघायला याहून सुंदर काही नाही. हातावर घेऊन फिरण्याची अपेक्षा मात्र कमी करावी. बजीची जोडी त्या मानानं दोन्ही डगरींवर पाय ठेवू शकते. सवय लावली तर ते आपसातही रमतात आणि बोटावरही येतात.

जोडी म्हणजे नर-मादीच असेल असं नाही. रोझी-फेस्ड, फिशर आणि मास्क्डमध्ये नर-मादी दिसायला सारखेच. खात्री हवी तर पिसाची डीएनए तपासणी करावी लागते. बजीत चोचीवरच्या नाकपुडीच्या पट्ट्यावरून कळतं: मोठ्या नराचा साधारणपणे निळा, मादीचा तपकिरी किंवा फिकट. नेहमीच्या राखाडी रंगाच्या कॉकटीलमध्ये नराचा चेहरा पिवळाधमक होतो. लव्हबर्डमध्ये हा अंदाज चुकून दोन माद्या एकत्र आल्या तर जिवावर बेतणारी भांडणं होऊ शकतात. दोन नर त्या मानानं सामंजस्यानं राहतात.

दुसरा पक्षी नंतर आणायचा असेल तर त्याला महिनाभर तरी वेगळ्या खोलीत ठेवावं, नंतर शेजारी-शेजारी पिंजरे आणि मगच एकत्र. आणि लव्हबर्डला सोबत म्हणून बजी किंवा कॉकटील त्याच पिंजऱ्यात कधीही टाकू नये. बजी मवाळ, कॉकटील त्याहून भित्रा. लव्हबर्ड त्यांची बोटं तोडेपर्यंत चावतो. बजी आणि कॉकटील मोठ्या जागेत एकत्र राहू शकतात, लव्हबर्डचं घर वेगळंच हवं.

अंड्यांचा विषय नर-मादीपुरताच नाही. एकटी मादीही अंडी घालते आणि हे तिघांतही होतं. वारंवार घातली तर अंगातलं कॅल्शियम कमी होतं आणि अंडं अडकून मादी दगावू शकते. म्हणून पिलं नको असतील तर पिंजऱ्यात घरट्याची पेटी, कापडी तंबू, अंधारे कोपरे नकोत. पाठीवरून हात फिरवणं टाळावं, डोकं-मान खाजवलेली चालते. रोज १०-१२ तास शांत अंधारी झोप मिळाली की विणीचा जोरही ओसरतो.

घर आणि खाणं

इथे तिघांत फारसा फरक नाही. पिंजरा उंचीपेक्षा रुंदीला मोठा हवा, कारण पक्षी आडवे उडतात. गोल पिंजरा नको. लव्हबर्डसाठी ६० सेंटिमीटर रुंदी ही किमान मानावी, जोडीला याहून मोठा. गजांमधलं अंतर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, आणि पिंजऱ्याची कडी जरा अवघड, कारण लव्हबर्ड ती उघडायला शिकतो. कॉकटीलला शेपटी आणि पंख पसरता येतील अशी जागा लागते. रात्री दचकून फडफडण्याची त्याला खोड असते, त्यामुळे त्याच्या खोलीत मंद दिवा ठेवलेला बरा. दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या, शक्यतो नैसर्गिक लाकडाच्या.

नुसत्या बियांवर पक्षी जगतो, पण आजारी पडत जातो. सूर्यफुलाच्या बिया तर या मंडळींना मिठाईसारख्या. त्यातून यकृतावर चरबी चढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. पेलेट (म्हणजे पक्ष्यांसाठीचं तयार दाणेदार खाद्य), पालेभाज्या, गाजर, ढोबळी मिरची, थोडी फळं आणि मोजक्या बिया, असा बेत हवा. ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी आणि खारट पदार्थ वर्ज्य.

एक धोका मात्र लोकांना माहीतच नसतो. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं की त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो, माणसाला वासही आला नसला तरी. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवूच नये, आणि शक्य असेल तर अशी भांडी घरातून काढून टाकावीत.

कुणासाठी कोण

दिवसभर घर रिकामं असेल तर माझं मत सरळ आहे: बजीची जोडी, मोठा पिंजरा. घरात कुणीतरी असतं, शांत स्वभावाचा आणि हाताळता येणारा सोबती हवा आहे, धुळीची अडचण नाही, तर कॉकटील. लव्हबर्ड एकटा त्यानंच घ्यावा ज्याच्याकडे रोजचा वेळ आहे आणि चाव्यानं ज्याचा पारा चढत नाही. हात झटकला किंवा ओरडलं की त्याला तोही खेळ वाटतो आणि तो पुन्हा चावतो. लव्हबर्डची जोडी ज्याला बघण्यातच समाधान आहे त्याच्यासाठी. पहिलाच पक्षी आणि घरात पाच वर्षांचं मूल, या परिस्थितीत लव्हबर्ड घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही.

घ्यायला जाल तेव्हा पिसांच्या रंगाआधी श्वास बघा. बसल्या जागी शेपटी वर-खाली हलत असेल, नाकपुडी ओली असेल, शेपटीखालची पिसं चिकटलेली असतील तर तो पक्षी नको. पोपटवर्गीय पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, त्यामुळे दिसणारी लक्षणं उशिराचीच असतात. वयही ओळखता येतं. रोझी-फेस्डच्या पिलाच्या चोचीच्या मुळाशी काळसर डाग असतात, बजीच्या पिलाच्या कपाळावर नाकापर्यंत आडव्या रेघा असतात, आणि राखाडी कॉकटीलची पिलं सगळी मादीसारखीच दिसतात. अजून स्वतःहून न खाणारं, हातानं भरवावं लागणारं पिल्लू ‘जास्त लळा लागेल’ म्हणून गळ्यात मारलं जातं. लळा त्यानं वाढत नाही, आणि नवख्याच्या हातून घास श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावतं. स्वतः खायला शिकलेलं, सहा-आठ आठवड्यांच्या पुढचंच घ्यावं.

कागदपत्रांबद्दल एवढंच: सिटीस या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात जवळपास सगळे पोपट येतात, पण बजी, कॉकटील आणि रोझी-फेस्ड लव्हबर्ड हे त्यातून वगळलेल्या मोजक्या जातींपैकी आहेत. फिशर आणि मास्क्ड मात्र यादीत आहेत, तेव्हा ते घेताना पक्षी कुठे जन्मला याची पावती मागून घ्या.