मांजरीची नसबंदी: पाच हजारांची भूल की पंधरा हजारांची?

एकाच मांजरीच्या नसबंदीसाठी पुण्या-मुंबईत दोन ठिकाणी फोन केलात तर एकीकडे चार-पाच हजार सांगतात आणि दुसरीकडे तपासण्या धरून आकडा पंधरा हजारांपर्यंत चढतो. ऑपरेशन तेच आणि टाकेही तेवढेच, मग फरक कशाचा? बराचसा भुलीचा आणि तिच्या मागेपुढे असणाऱ्या व्यवस्थेचा. मांजर तीन किलोचं असलं तरी गॅसचं मशीन, ऑक्सिजनचा सिलिंडर, मॉनिटर आणि शेजारी उभा राहणारा दुसरा माणूस यांचा खर्च काही वजनाच्या हिशेबाने कमी होत नाही.

स्वस्त पर्यायात बहुधा इंजेक्शनची भूल असते. झायलाझिन-केटामिन ही जुनी जोडी अजूनही सर्रास वापरतात. काम पटकन होतं आणि यंत्रसामग्री फारशी लागत नाही. झायलाझिनने मांजरांना उलटी होते, म्हणून उपाशी ठेवण्याची सूचना काटेकोर पाळायची. पण ती किती तास, हे डॉक्टरांनाच विचारा. लहान पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवलं तर साखर उतरते. या भुलीची खरी अडचण अशी, की एकदा टोचलेलं औषध परत काढता येत नाही. झायलाझिनवर उतारा आहे, केटामिनवर नाही.

महाग पर्यायात आधी शिरेतून प्रोपोफॉलसारखं औषध देतात, मग श्वासनलिकेत नळी घालून आयसोफ्लुरेन सुरू करतात. म्हणजे ‘गॅसची भूल’ म्हटली तरी इंजेक्शन त्यातही आहेच. आयसोफ्लुरेन बहुतांश श्वासावाटेच बाहेर पडतो, त्यामुळे भूल हवी तशी वाढवता-उतरवता येते. मांजर वयस्कर असेल, किंवा गर्भाशयात पू झाल्याने ऑपरेशन लांबणार असेल, तर मी इथे घासाघीस करणार नाही.

मात्र गॅस आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. ब्रिटनमधल्या ११७ दवाखान्यांत २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या सुमारे ७९ हजार मांजरांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. धडधाकट मांजरांत भुलीशी संबंधित मृत्यू ०.११ टक्के होते, आजारी मांजरांत १.४ टक्के. श्वासनलिकेत नळी घातलेल्या मांजरांत धोका उलट वाढलेला दिसला. मांजराचा घसा नाजूक, जरा धक्का लागला की आखडतो. धोका कमी दिसला तो नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन सतत पाहिला जात होता तिथे. शिवाय निम्म्याहून अधिक मृत्यू ऑपरेशन आटोपल्यानंतरचे होते, आणि त्यांतले बरेचसे पहिल्या तीन तासांतले.

माझं मत यावरूनच बनलं आहे. जादा पैसे द्यायचे ते मशीनकडे बघून नाही, मांजरीकडे बघत बसणाऱ्या माणसासाठी द्यायचे. एकटे डॉक्टरच भूल देणार, कापणार आणि श्वासही मोजणार असतील, तर पंधरा हजारांचा गॅसही मला महागच वाटेल. उलट छोट्या दवाखान्यात इंजेक्शनचीच भूल, पण जिभेला पल्स ऑक्सिमीटर, खाली गरम गादी आणि एक अनुभवी मदतनीस असेल, तर तरुण, निरोगी भाटीसाठी मी तिथे खुशाल जाईन.

बोक्याचा प्रश्न यापेक्षा सोपा. त्याचं पोट उघडावं लागत नाही, काही मिनिटांचं काम असतं. त्यासाठी महागड्या पॅकेजच्या मागे लागू नका. पर्शियन असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही. चपट्या नाकामुळे श्वासाची वाट आधीच अरुंद, आणि या जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आढळतो, जो नुसत्या स्टेथोस्कोपने दर वेळी कळत नाही. तिथे आधीच्या तपासण्यांचे पैसे वाचवू नयेत.

तिसरी वाट सरकारी आणि धर्मादाय दवाखान्यांची. परळचं १८८६ सालचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसंच नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळची महाविद्यालयं इथे खर्च खासगीच्या मानाने बराच कमी असतो. मोबदल्यात वेळ द्यावा लागतो: रांग, पुढची तारीख, कधी शिकाऊ विद्यार्थ्यांचा घोळका. मला स्वतःला तो घोळका खटकत नाही, तेवढीच जास्त डोळ्यांची नजर राहते. तालुक्याचा गुरांचा दवाखाना नावाप्रमाणे गाई-म्हशी-शेळ्यांसाठी उभा आहे. मांजरीचं पोट उघडण्याची सोय आहे का, हे आधी विचारून मगच पिंजरा उचला. भटक्या मांजरांच्या मोफत नसबंदी मोहिमेत घरची मांजर नेणार असाल तर ओळखीसाठी कानाचं टोक कापतात, हे लक्षात असू द्या.

फोनवर भाव विचारताना सोबत हेही विचारा: भूल देणारा आणि ऑपरेशन करणारा वेगळा असतो का? ऑक्सिजन आणि नाडी कशावर बघता? दरात रक्ततपासणी, वेदनाशामक आणि टाके काढणं धरलंय का? आणि मांजर घरी कधी सोडता? वेळ सकाळचीच मागा, म्हणजे संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या आत ती मान धरून बसलेली असेल. ‘अर्ध्या तासात घेऊन जा, घरी शुद्धीवर येईल’ असं उत्तर आलं, तर दर कितीही परवडणारा असला तरी दुसरा दवाखाना बघा.