‘हवलदार साहब’ म्हणाला आणि 79,359 रुपये गेले

लिहू की नको यात तीन आठवडे घालवले. मंडळी म्हणतात, झाकली मूठ राहू द्या. पण आम्हा माजी सैनिकांतले कितीतरी जण दरवर्षी पोरांचे पीएमएसएसचे, म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात, म्हणून लिहितोय. हसायचं ते हसून घ्या.

पोरगी बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीला 60 टक्क्यांची अट, ती तिनं कधीच ओलांडली होती. पंतप्रधान शिष्यवृत्तीचा फॉर्म केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर आम्ही बापलेकीनं बसून भरला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), कॉलेजचं बोनाफाईड सगळं दाखवून आलो. खर्च आला तो झेरॉक्सचा आणि एसटीचा. फॉर्मला एक पैसा फी नव्हती. मी स्वतः भरलाय, मला माहीत होतं!

मुलींना महिन्याला 3,000, म्हणजे वर्षाला 36,000. मुलांना 2,500. अख्ख्या देशात नव्यानं 5,500 जणांना मिळते, त्यामुळे यादी लागेपर्यंत जीव टांगणीला असतो. नेमका त्याच दिवसांत फोन आला.

“राम राम हवलदार साहब, बोर्ड से बोल रहा हूँ. बिटिया का सिलेक्शन हो गया.”

इथंच मला कळायला हवं होतं. 24 वर्षं नोकरी केली. फौजेत साहब म्हणजे जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार आणि त्यांच्या वरचे. हवालदाराला कोण साहब म्हणतं? पण त्यानं म्हटलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. त्याला माझं नाव, रेजिमेंट, पोरीचं कॉलेज, सगळं पाठ होतं. हे त्याला कुठून मिळालं यावर मी चार रात्री डोकं खाजवलं. मग आठवलं. “हे असं चालेल का?” म्हणून बोनाफाईड आणि माजी सैनिक दाखल्याचा फोटो आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीच टाकला होता. ग्रुपमध्ये अडीचशे माणसं, त्यातली निम्मी मला माहीत नाहीत. तुमच्या ग्रुपवर असले फोटो असतील तर आज काढा.

आधी 2,360 मागितले. दोन हजार फी आणि वर 18 टक्के जीएसटी. चोर जीएसटी लावेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मग आधार जोडणीचे 4,999, “रिफंडेबल”. मग म्हणाला, आता क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, 36,000 जमा होतील.

स्क्रीनवर 36,000 दिसले. तोच आकडा, ज्याची घरात महिनाभर वाट बघत होतो. त्याच्या शेजारी ‘पे’ लिहिलेलं होतं, ते डोळ्यांना दिसलंच नाही. दुसरं म्हणजे, शिष्यवृत्ती पोरीच्या खात्यावर येते. फॉर्ममध्ये तिचंच पासबुक जोडलेलं. मग माझ्या फोनवरून, माझ्या पेन्शनच्या खात्यावरून स्कॅन कशाला? आज हा प्रश्न पाचवीचं पोरगं विचारेल.

मेसेज आला, 36,000 वजा. तो म्हणाला, होल्डला गेलेत, एकदा परत करा, दोन्ही एकदम परत येतील. आणि मी परत केलं. हो, केलं. आवाज चढवून, घाई करून हुकूम सोडला की हात आपोआप चालतो. उभं आयुष्य तेच केलंय. माझ्या जागी बसून बघा, मग बोला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे चहाच्या टपरीवरही लिहिलेलं असतं.

एकूण 79,359. त्यात पोरीची हॉस्टेलची फी होती.

त्यानंतरचे साडेतीन तास मी त्यालाच फोन लावत बसलो. ही दुसरी चूक. लाजत बसू नका, त्याच मिनिटाला 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, फिरवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं. मी लावला तोवर 6,140 रुपये एका खात्यात अडकले, बाकीचे पसार.

बँकेतला पोरगा मान वर न करता म्हणाला, “काका, पिन तुम्हीच टाकला ना?” झालं, विषय संपला. ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी म्हणे, समोरचं खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही. तिसऱ्या दिवशी प्रिंटर बंद. चौथ्या दिवशी एकानं मलाच समजावलं, “तुम्ही लोक असं कसं फसता हो, फौजी ना तुम्ही?” सव्वीस जानेवारीला हीच मंडळी आम्हाला पहिल्या रांगेत बसवून शाल घालतात. हद्दीचं कारण सांगितलं तर उठू नका, झिरो एफआयआर म्हणा. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 आहे, हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्याला गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो. मला हे भाच्यानं सांगितलं, पाचव्या खेपेला. तोवर कुणी तोंड उघडलं नव्हतं.

आमच्या कल्याण कार्यालयात सांगायला गेलो, तर क्लार्क म्हणाला, असे बरेच येतात. मग भिंतीवर एक कागद चिकटवायला काय होतं? शेवटी घरून स्केच पेननं लिहून नेला: ‘शिष्यवृत्तीला फी नाही. बोर्ड फोनवर पैसे मागत नाही.’ परवानगी लागेल म्हणून तो ड्रॉवरमध्ये ठेवला गेला.

ते 6,140 सोडवायला मला कोर्टाचा आदेश आणायला सांगितलं. दोन तारखा झाल्या. वकिलानं अर्जाचे 3,000 सांगितलेत.