अलास्काला छोट्या विमानाने: हायवेवरून की ट्रेंचमधून?

सिएटलहून सेसना १७२ हे छोटं विमान घेऊन अलास्काला निघालेल्या भाच्याने विचारलं, "मामा, वॉटसन लेकपर्यंत कुठून जाऊ?" वॉटसन लेक म्हणजे अलास्काच्या वाटेवरचं कॅनडातलं गाव.

वाटा दोन. एक १९४२ साली बांधलेल्या अलास्का हायवेवरून, डॉसन क्रीक, फोर्ट नेल्सन करत. दुसरी रॉकी माउंटन ट्रेंच या डोंगरांमधल्या लांबलचक दरीतून, म्हणजे प्रिन्स जॉर्ज, मॅकेन्झीवरून विलिस्टन जलाशय धरून सरळ वायव्येला.

अंतर ट्रेंचचं कमी, म्हणून पेट्रोलही कमी. पण गोम तिथेच आहे. मॅकेन्झी ते वॉटसन लेक साधारण ६३० किलोमीटर, मध्ये इंधनाचा भरवसा नाही. वारा नसेल तर तीन तास. समोरून २० नॉटचा (ताशी सुमारे ३७ किलोमीटरचा) वारा लागला की पावणेचार. जुन्या १७२ची टाकी जेमतेम साडेचार तास पुरते. अर्ध्या वाटेत ढग खाली आले तर परत फिरायचं पेट्रोल उरलंय का, हे सतत मोजत बसायचं.

हायवेला फोर्ट नेल्सनला टाकी भरता येते, इंजिन रुसलं तर खाली रस्ता असतो. (ट्रकवाल्यांना सांभाळून!) मात्र पुढे १,२९५ मीटर उंचीची समिट खिंड ढगांनी बंद झाली की मुक्काम ठरलेला. आठवड्याभराची रजा असेल तर हे जाचतं.

जीव वाचवायचं सामान आणि फ्लाइट प्लॅन, दोन्हीकडे लागतातच.

पहिली खेप असेल, टाकी लहान असेल, तर हायवेच. मोठी टाकी, डोंगरातला सराव आणि स्वच्छ हवामान हे तिन्ही असेल तर ट्रेंच. भाच्याकडे सध्या यातलं एकही नाही.