एक लाखाची देणगी, जी कुणी दिलीच नाही

नाशिकला अंबड एमआयडीसीच्या अलीकडे, सिडकोत, मी लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून देते. सीए नाही. बी.कॉम. झाले, एका सीएंच्या ऑफिसात सहा वर्षं काढली आणि मग घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं. गिऱ्हाईक बहुतेक कंपनीतलं: सीएनसी ऑपरेटर, सुपरवायझर, स्टोअरकीपर, दोन-चार शाळामास्तर. सरळ पगाराचं रिटर्न असेल तर फी पाचशे रुपये. हे सगळं आधी सांगते, कारण पुढचं वाचून "एवढं साधं तुम्हाला कळलं नाही?" असं कोणीतरी विचारणारच. नाही कळलं. जवळजवळ दीड वर्ष नाही कळलं.

मार्च २०२५ मध्ये एक जुने गिऱ्हाईक, त्यांना इथे दादा म्हणते, होम लोनची फाईल घेऊन आले. बँकेनं तीन वर्षांची रिटर्नं मागितली होती. मी त्यांच्या लॉगिनमधून आर्थिक वर्ष २०२२-२३ चं रिटर्न, म्हणजे असेसमेंट इयर २०२३-२४ चं, डाऊनलोड करायला गेले, तर तिथे दोन रिटर्नं. एक जुलै २०२३ चं ओरिजिनल, मी भरलेलं. दुसरं नोव्हेंबर २०२३ चं, रिवाइज्ड. मी रिवाइज केल्याचं काही आठवेना. उघडलं. उत्पन्न तेच, टीडीएस तोच, फक्त वजावटींमध्ये कलम ८०जीजीसीसमोर १,००,०००.

८०जीजीसी म्हणजे राजकीय पक्षाला दिलेली देणगी. रोख नसेल, तर पूर्ण रक्कम उत्पन्नातून वजा होते.

"दादा, तुम्ही कुठल्या पक्षाला लाख रुपये दिलेत?"

दादा हसायलाच लागले. "पक्षाला? मॅडम, इलेक्शनला उलट आम्हालाच काय मिळेल ते मिळतं."

मग मी विचारलं, डिसेंबर २०२३ मध्ये खात्यात वीस हजार आठशे रुपये आले होते का? हसू थांबलं. आले होते. आणि त्यातले चार हजार एकशे साठ त्यांनी "तुमच्या त्या पोराला" जीपे केले होते.

तो पोरगा. त्याचं नाव लिहीत नाही. जून २०२३ च्या सीझनला ओळखीतून आला होता. चुणचुणीत, टायपिंग झपाट्याचं, आल्यागेल्याला पाणी देणारा. माझ्याकडे तेव्हा दोनशेच्या वर रिटर्नं होती, एकटीनं होत नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये "पुण्यात जॉब लागला" म्हणून पेढे देऊन गेला. मीही वर दोन हजार दिले होते.

त्यानं जे केलं, ते त्याला करता आलं माझ्या एका सवयीमुळे. आमच्या धंद्यात ही सवय सर्रास असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर प्रत्येकाच्या पॅनला एक मोबाईल नंबर आणि एक ईमेल जोडलेला असतो. नोटीस, रिफंडचा मेसेज, पासवर्ड बदलला की सूचना, सगळं तिथे जातं. आता कामगार माणूस स्कीम बघून सिम बदलतो. कोणाचा मेल भाच्यानं काढून दिलेला, भाचा आता दुबईत. बायकांच्या पॅनला नवऱ्याचा नंबर. ऐन जुलैत पोर्टलच्या ओटीपीसाठी रात्री दहाला सेकंड शिफ्ट सुटायची वाट बघायची, त्यापेक्षा मी ऑफिससाठी चार सिमकार्डं घेतली, पाच-सहा जीमेल काढले आणि तेच नंबर, तेच मेल गिऱ्हाइकांच्या प्रोफाईलला टाकत गेले. पासवर्ड सगळ्यांचे एकाच साच्यातले: नाव, ॲट, जन्मसाल. एक्सेलमध्ये यादी. सिमवाला साधा फोन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये.

त्या ड्रॉवरला कुलूप नव्हतं.

रिफंड चोरता येत नाही, तो पॅनधारकाच्याच नावावरच्या, पडताळलेल्या खात्यात जातो. हे त्याला नीट माहीत होतं. म्हणून त्यानं वेगळी वाट काढली. यादीतून अशी माणसं निवडली ज्यांचं जुन्या करपद्धतीनं (जिच्यात अशा वजावटी मिळतात) उत्पन्न पाच लाखांच्या बरंच वर आहे, म्हणजे वीस टक्क्यांच्या टप्प्यात. दादांचं करपात्र उत्पन्न ७,४०,००० होतं. त्यातून लाख काढले की वीस टक्के आणि वर चार टक्के सेस, बरोबर २०,८०० रुपये. त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये नुसता आकडा टाकला की भागत होतं. देणगीची तारीख, व्यवहाराचा नंबर, बँकेचा आयएफएससी हे सगळं विचारायला पुढच्या वर्षापासून सुरुवात झाली. काहींना त्यानं देणगीऐवजी शैक्षणिक कर्जाचं व्याज लावलं. एका बिनलग्नाच्या माणसाला, ज्याचं स्वतःचं शिक्षण दहावी, त्यालाही.

राहिला ओटीपी. रिटर्न भरून चालत नाही, तीस दिवसांत व्हेरिफाय करावं लागतं, आणि आधारचा ओटीपी गिऱ्हाइकाच्याच फोनवर येतो. तिथे तो संध्याकाळी फोन करायचा: "मॅडमच्या ऑफिसमधून बोलतोय, तुमचा रिफंड वाढवून घेतलाय, आलेला नंबर सांगा." माणसं सांगायची. माझ्या ऑफिसचं नाव होतं ना. पैसे आले की वीस टक्के त्याला. आणि शेवटी एक वाक्य, जे मला नंतर निदान दहा जणांनी जसंच्या तसं ऐकवलं: "मॅडमना बोलू नका, त्या फार सरळ आहेत, त्यांना जमत नाही हे."

पहिला रिफंड ऑगस्टमध्ये आला, तीन हजार शंभर. मग डिसेंबरमध्ये आणखी वीस हजार. कोणी विचारलं नाही, हे कशाचे. दादांना मी विचारलं, तेव्हा ते टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत बसले. फसवलं गेलेला माणूस आणि गप्प राहिलेला माणूस एकाच खुर्चीत बसलेला होता, आणि मला त्याच्यावर चिडताही येईना, कारण नंबर माझा होता.

त्या रात्री जेवणं उरकल्यावर बसले आणि एकेक लॉगिन उघडत गेले. ई-फाईल, इन्कम टॅक्स रिटर्न्स, व्ह्यू फाईल्ड रिटर्न्स. तुम्हीही आज जाऊन हेच तीन क्लिक करा. तुमच्या नावावर कुठल्या तारखेला काय भरलंय ते तिथे ओळीनं दिसतं. मला सगळं बघायला चार रात्री लागल्या. एकतीस जण निघाले. या एकतीसही जणांचा ईमेल त्यानं बदलून स्वतः काढलेल्या एका जीमेलवर नेला होता. त्यामुळे प्राप्तिकर खात्याकडून काही आलं असेल तरी ते ना त्यांना दिसलं ना मला. रिचार्जविना सिम तर कधीच बंद पडलं होतं.

मग कॅलेंडर बघितलं आणि घाम फुटला. तेव्हाच्या नियमानं डिसेंबर उलटला की त्या वर्षाचं रिटर्न रिवाइज करता येत नव्हतं. राहतं ते अपडेटेड रिटर्न, आमच्या भाषेत आयटीआर-यू. असेसमेंट इयर संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत भरलं तर कर आणि व्याज यांच्यावर पंचवीस टक्के जास्त. चोवीस महिन्यांच्या आत भरलं तर पन्नास. पंचवीस टक्क्यांची मुदत होती ३१ मार्च २०२५. हातात उरले होते सतरा दिवस.

दादांचा हिशेब मी कागदावर करून दाखवला. कर २०,८००. एप्रिल २०२३ पासून महिना एक टक्का व्याज, चोवीस महिन्यांचं, साधारण पाच हजार. त्यावर पंचवीस टक्के, सुमारे साडेसहा हजार. एकूण बत्तीस हजार दोनशेच्या घरात. हातात पडले होते वीस हजार आठशे, त्यातले चार हजारावर पोरानं नेलेले. "आणि नाही भरले तर?" त्यांनी विचारलंच. खात्यानं पकडलं तर कर, व्याज, आणि चुकीची माहिती दिली म्हणून कलम २७०ए खाली कराच्या दोनशे टक्के दंड, म्हणजे नुसता दंडच ४१,६००. दादांनी कागद घडी करून खिशात घातला. दोन दिवसांनी बायकोला घेऊन आले आणि चलन भरलं.

सगळे असे नव्हते. एक जण म्हणाला, "आलेले पैसे सरकारला परत कोण देतं, मॅडम?" एकानं माझ्यावरच उलटवलं की पोरगा तुमचा, पैसे तुम्ही भरा. हे मला लागलं, कारण अर्धं खरं होतं. सहा जणांचे जादाचे पंचवीस टक्के मी भरले, फी कोणाकडूनच घेतली नाही. कायद्यानं मात्र जबाबदारी ज्याचं रिटर्न त्याचीच. ओटीपी देणं म्हणजे सही करणं, आणि "एजंटनं भरलं, मला माहीत नव्हतं" हे उत्तर नोटिशीला चालत नाही. भरून देणाराही सुटत नाही, खोट्या रिटर्नला मदत करणाऱ्यासाठी कलम २७८ आहे.

आयटीआर-यूमध्ये आणखी एक काटा. ते त्या वर्षासाठी एकदाच भरता येतं. त्यात चूक राहिली तर पुन्हा संधी नाही. म्हणून देणगी काढून टाकायची एवढ्यावर न थांबता प्रत्येकाचं एआयएस आणि सव्वीस-एएस, म्हणजे उत्पन्नाच्या आणि कापलेल्या कराच्या खात्याकडे असलेल्या नोंदी, समोर ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागली. एका मास्तरांच्या एफडीचं व्याज निघालं, जे त्यांनीच मला सांगितलं नव्हतं. ते धरलं. चलन भरताना असेसमेंट इयर चुकीचं निवडलं जाऊ नये म्हणून मी मोठ्या अक्षरात "२०२३-२४" लिहून मॉनिटरला चिकटवलं होतं. आणि शेवटी व्हेरिफिकेशनला पुन्हा तोच ओटीपी! आधीच्या आठवड्यात मीच सगळ्यांना ओरडून सांगितलेलं, कोणाला ओटीपी देऊ नका. एक काकू म्हणाल्या, "आणि आता तूच मागतेस?" त्यांना मी खुर्चीत बसवलं, त्यांच्याच हातानं नंबर टाकायला लावला. वीस मिनिटं गेली. तेच बरं.

३१ मार्चच्या रात्रीपर्यंत एकोणीस झाले. पाच जणांनी नंतर पन्नास टक्के जास्तीनं भरलं. सात जण फोन उचलत नाहीत.

पोलिसांत अर्ज दिलाय, सोबत जीपेचे स्क्रीनशॉट. त्याचा नंबर बंद. ज्या खोलीचा पत्ता त्यानं दिला होता, तिथे आता दुसरेच भाडेकरू आहेत. अर्जाचं पुढे काय झालं, तर मी दर महिन्याला जाऊन विचारते, एवढंच.

जुलै २०२५ च्या १४ तारखेला प्राप्तिकर खात्यानं देशभरात दीडशे ठिकाणी अशाच खोट्या वजावटींबद्दल तपासणी केली. आधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी स्वतःहून रिटर्नं दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचं तेव्हा जाहीर झालं. त्या निवेदनात एक वाक्य होतं की रिटर्न भरून देणारे कित्येक जण घाऊक कामासाठी तात्पुरते ईमेल काढतात, नंतर ते सोडून देतात आणि नोटिसा न वाचता पडून राहतात. मी ते दोनदा वाचलं. माझ्या ड्रॉवरचंच वर्णन होतं. हेतू वेगळा होता, पण नोटीस पोचली नाही ती नाहीच पोचली.

आता ऑफिसची सिमं बंद केली. प्रोफाईलला गिऱ्हाइकाचा स्वतःचा नंबर, नसेल तर आधी तो घेऊन या, मग रिटर्न. पासवर्ड ते स्वतः टाकतात आणि मी तोंड फिरवून बसते. भरायच्या आधी कॉम्प्युटेशनची, म्हणजे कराच्या हिशेबाची, प्रिंट देते, प्रत्येक वजावटीसमोर पावती कुठली ते लिहिलेलं, खाली त्यांची सही. भाडं वर्षाला लाखाच्या वर दाखवायचं असेल तर घरमालकाचा पॅन आणि बँकेतून भाडं गेल्याची नोंद. नुसत्या रेव्हेन्यू स्टॅम्पच्या पावत्या आणल्या तर परत पाठवते. यामुळे या सीझनला चाळीसेक गिऱ्हाइकं कमी झाली. ती कुठे गेली तेही माहीत आहे. चौकाच्या पलीकडे एकानं बोर्ड लावलाय, "फी नाही, फक्त रिफंडच्या १५ टक्के." फी आकड्यावर ठरली की आकडा फुगणार, यात मला तरी काही गूढ वाटत नाही, पण लोकांना पाचशे रुपये खिशातून काढायला जड जातात आणि न आलेल्या पैशातले पाच हजार द्यायला हलके वाटतात.

ऑगस्टमध्ये एक नवा माणूस आला, दादांच्याच कंपनीतला. फॉर्म सोळा टेबलावर ठेवला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे पूर्वी एक मुलगा होता ना, त्याचा नंबर मिळेल का?"

त्या सात जणांपैकी कोणी हे वाचत असेल तर: पन्नास टक्क्यांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतच, त्यानंतर साठ. मात्र खात्याची कारवाई आधीच सुरू झाली, तर आयटीआर-यूची वाटच बंद होऊ शकते. फॉर्म सोळा, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन या. रविवारीही मी असते.